डोंगरउतारावरचे घर: खानदेशातील कुटुंबासाठी आराखडा कसा करावा

डोंगराच्या अंगावरचा भूखंड बहुधा श्रावणात किंवा थंडीत पसंत केला जातो. त्या वेळी उतार हिरवा असतो, हवा धुऊन निघालेली असते, समोरच्या खोऱ्यातली गावे, शेते आणि नदीचे पात्र दूरवर स्पष्ट दिसते आणि इसार देण्याची घाई होते. त्याच जागेवर मे महिन्यात दुपारी तीन वाजता उभे राहावे आणि रात्रभर पाऊस कोसळल्यानंतरच्या एखाद्या सकाळी पुन्हा जाऊन यावे. घराला या तिन्ही ऋतूंत उभे राहायचे असते, म्हणून आराखडा करताना आधी पाण्याचा, मग उन्हाचा आणि त्यानंतर दृश्याचा विचार करावा, असा क्रम येथे धरला आहे. प्रत्यक्षात बहुतेक घरे नेमक्या उलट क्रमाने आखली जातात. दिवाणखान्याची काच कोणीकडे असावी हे पहिल्याच बैठकीत ठरते आणि पुढची अनेक वर्षे पडदे, ताडपत्री आणि गळती थांबवणारी रसायने यांवर खर्च होत राहतो.

खानदेशात तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि तिच्या खोऱ्याला दोन्ही बाजूंनी डोंगर आहेत, त्यामुळे भूखंड कोणत्या रांगेवर आहे यावरूनच घराचे तोंड कोणीकडे असणार हे बरेचसे ठरून जाते. रावेर, यावल, चोपडा आणि शिरपूर या तालुक्यांच्या उत्तरेला सातपुडा आहे. त्याच्या अलीकडच्या उतारावरून तापीचे खोरे दक्षिणेला दिसते. चाळीसगावच्या दक्षिणेला, पाटणादेवी आणि कन्नड घाटाच्या बाजूला, डोंगर पाठीशी आणि खोरे उत्तरेला असा उलट प्रकार आहे. साक्री तालुक्यात पिंपळनेरकडे सह्याद्रीचे फाटे येतात आणि तिथले बरेचसे उतार पूर्वेकडे उघडतात. या तिन्हींपैकी उत्तरेकडे उघडणारा उतार राहण्याच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा, असे माझे मत आहे, कारण तिथे दृश्य आणि ऊन यांचे भांडण सर्वांत कमी असते. पश्चिमेकडे उघडणारा उतार सर्वांत अवघड. सूर्यास्त तिथूनच उत्तम दिसतो, आणि जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो त्या दिवसांत दुपारभर सर्वाधिक भाजून निघणारी बाजूही तीच असते.

इसार देण्यापूर्वी

कागदपत्रांचा विषय रूक्ष असला तरी तो आधीच उरकावा. अक्राणी, नवापूर किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या अनेक गावांत जमीन आदिवासी खातेदाराची असते आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ व ३६-अ यांनुसार सक्षम मंजुरीशिवाय ती बिगरआदिवासी व्यक्तीला हस्तांतरित करता येत नाही. सातबारा, भोगवटादाराचा वर्ग, बिनशेती परवानगी आणि वनहद्दीपासूनचे अंतर या गोष्टी ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), भूमी अभिलेख आणि वन विभाग यांच्याकडून तपासून घ्याव्यात. यावल, अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट या अभयारण्यांच्या आसपास जागा असेल तर संवेदनशील क्षेत्राची हद्द कुठून जाते, हेही विचारावे. याशिवाय विकास नियंत्रण नियमांत १:५ पेक्षा तीव्र उतारावरील बांधकामावर निर्बंध आहेत. १:५ म्हणजे पाच फूट आडवे गेल्यावर एक फूट चढ, सुमारे ११ अंशांचा कोन. डोळ्यांना तो फारसा वाटत नाही, म्हणूनच मोजल्याशिवाय बोलू नये. आपल्या भूखंडाच्या कोणत्या भागाला हा नियम लागू होतो, याचे उत्तर नगररचना कार्यालयाकडून लेखी घ्यावे आणि घर तुलनेने सौम्य तुकड्यावर बसवून तीव्र भाग झाडांसाठी मोकळा सोडावा.

जमीन समजून घेणे

सपाट भूखंडाला चार बाजूंची मापे पुरतात. उताराच्या भूखंडाला समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा लागतो. टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने मोजणी करून अर्धा-अर्धा मीटर उंचीच्या फरकाने रेषा काढून घ्याव्यात आणि त्याच नकाशावर मोठी झाडे, उघडे खडक, ओघळी, शेजाऱ्याचे बांध आणि रस्त्याची उंची नोंदवावी. मोजणी भूखंडाच्या हद्दीपाशी थांबवू नये, कारण आपल्याकडे येणारे पाणी वरच्या जमिनीवरून येते आणि आपण सोडलेले पाणी खालच्या शेतात जाते.

त्यानंतर चाचणी खड्डे घ्यावेत. घराच्या वरच्या कडेला, मध्यावर आणि खालच्या कडेला निदान एकेक खड्डा असावा. खानदेशातील डोंगर प्रामुख्याने बेसाल्टचे, म्हणजे थरांवर थर साचत गेलेल्या लाव्ह्याच्या काळ्या दगडाचे आहेत. हा दगड भक्कम असतो, तरी तो सलग नसतो. घट्ट थराखाली सच्छिद्र, ठिसूळ थर येतो आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातकट पट्टा सापडतो, जो कोरडा असताना कठीण वाटतो आणि भिजल्यावर मऊ पडतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे डोंगराच्या अंगातून जे पाझर फुटतात, ते पुष्कळदा अशा सांध्यांतूनच येतात. म्हणून खड्ड्यात लाल पट्टा दिसला, तर त्याची खोली प्रत्येक खड्ड्यात मोजावी. तो पट्टा खोऱ्याच्या दिशेला कलता असेल, तर पाया त्याच्या खाली न्यावा लागेल की जागाच बदलावी लागेल, हे भूतंत्रज्ञाकडून ठरवून घ्यावे.

आणखी एक फसगत नेहमीची आहे. बेसाल्ट झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात आणि आतला गोल, कठीण धोंडा मुरुमात तसाच रुतून राहतो. पहार खणखणली की खडक लागला असे गवंडी सांगतो आणि त्या धोंड्यावर कॉलम उभा राहतो. धोंडा बाजूंनी मोकळा करून पाहावा, किंवा त्याच्या आरपार भोक पाडून खाली काय आहे याची खात्री करावी. धुळे-नंदुरबार भागात जमिनीतून उभ्या घुसलेल्या खडकाच्या भिंती, ज्यांना भूवैज्ञानिक डाइक म्हणतात, विपुल आहेत. त्या भूजल अडवतात, त्यामुळे अशा भिंतीच्या एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला खडखडाट असे चित्र दिसू शकते. बोअरची जागा ठरवताना याचा उपयोग होतो.

पायथ्याशी गेल्यावर खोल काळी माती लागू शकते. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया तिच्यातून पार करून मुरुमात किंवा खडकात टेकवावा. उतारावर वाकलेल्या बुंध्यांची झाडे, अर्धवर्तुळाकार भेगा किंवा खालच्या बाजूला फुगून आलेली माती दिसली, तर तो उतार हळूहळू सरकत आहे असे समजावे. अशा ठिकाणी, किती सुंदर दृश्य असले तरी, घर बांधू नये. पुणे जिल्ह्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर दरड कोसळून जे संकट आले, तेही बेसाल्टच्याच डोंगराखाली.

पाणी

खानदेशात पाऊस कमी, मग पाण्याची चिंता कशाला, असा प्रश्न हमखास येतो. जळगावचा वार्षिक पाऊस ढोबळमानाने ७०० मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याकडे त्याहूनही कमी. परंतु तो पडतो तेव्हा थोड्या तासांत पडतो. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीच्या पावसाने कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगाव शहरात पूर आला. उतारावरच्या घराची रचना वर्षाच्या सरासरीवर बेतून चालत नाही. ती अशा एका रात्रीवर बेतावी लागते. हिशेब सोपा आहे. घराच्या वरच्या बाजूची अर्धा एकर, म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर जमीन आपल्याकडे उतरत असेल आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या जमिनीवर एक लाख लिटर पाणी पडते. त्यातले निम्मे मुरले असे धरले तरी उरलेले घराच्या मागच्या भिंतीकडे येणार आहे.

त्यासाठी घराच्या वरच्या बाजूला, भिंतीपासून पुरेशा अंतरावर, समोच्च रेषेला जवळजवळ समांतर असा चर काढावा. त्याला शंभर फुटांत एक फुटाच्या आसपास ढाळ द्यावा, तळ आणि बाजू दगडांनी बांधून काढाव्यात आणि त्याचे तोंड नैसर्गिक ओघळीत सोडावे. ढाळ फार दिला तर पाणी चराचाच तळ खरवडते, कमी दिला तर गाळ साचतो. पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठी चालत आलेल्या फड पद्धतीच्या पाटांत हेच शहाणपण दिसते: केवळ जमिनीच्या उताराने पाणी दूरवर नेणारा पाट, ना धावणारा ना तुंबणारा. ज्याने तो पाट चालवलेला पाहिला आहे, त्याला घरामागचा चर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जुनी ओघळ भूखंडातून जात असेल, तर ती बुजवून तिच्यावर अंगण करण्याचा मोह टाळावा. पाणी आपली वाट विसरत नाही.

गच्चीचे पाणी मात्र अडवून ठेवावे. १०० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पावसाचे ७०,००० लिटर पाणी पडते; गळती आणि पहिल्या सरीचे पाणी वजा जाता ५० ते ५५ हजार लिटर हाती येऊ शकते. टँकरवर अवलंबून असलेल्या डोंगरगावात हा आकडा लहान नाही. टाकी खालच्या बाजूला घेतल्यास पाणी आपोआप भरते. पिण्याची वरची टाकी उतारावरच घराच्या छतापेक्षा उंच बसवली, तर नळांना दाब आपोआप मिळतो, कारण दर दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटीमीटरमागे एक किलो दाब मिळतो. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा घराच्या आणि धारक भिंतींच्या, म्हणजे माती अडवून धरणाऱ्या भिंतींच्या, उताराकडच्या खालच्या बाजूला, विहीर-बोअरपासून दूर असावा. वर घेतला तर मुरलेले सांडपाणी भिंतीच्या पाठीशी येऊन बसते.

उतार न मोडता घर बसवणे

आता मुख्य आकाराकडे वळू. सपाट जमिनीसाठी काढलेला आराखडा उतारावर ठेवून, मागे डोंगर कापून आणि पुढे भराव टाकून जागा सपाट करणे, हा सर्वांत महाग आणि सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. पोकलेन एका दिवसात जे उघडे करते, ते सावरायला पुढे भिंतींवर भिंती बांधाव्या लागतात. घराची खोली, म्हणजे उताराच्या दिशेने असलेले माप, ३० फूट धरले तर १:५ उतारावर पुढच्या आणि मागच्या कडेत ६ फुटांचा फरक पडतो, १:३ उतारावर तो १० फूट होतो, म्हणजे पूर्ण मजला. तेच घर समोच्च रेषेला समांतर, लांबट आणि १८ फूट खोल केले, तर १:५ उतारावरचा फरक साडेतीन फुटांच्या थोडा वर उरतो आणि तो सात-आठ पायऱ्यांत सहज मिटतो. म्हणून पहिला नियम असा, की घर डोंगराला आडवे, लांब आणि अरुंद असावे. एकाच ओळीत खोल्या मांडल्याने प्रत्येक खोलीला खोऱ्याची बाजू आणि डोंगराची बाजू अशा दोन्हीकडे खिडक्या मिळतात, हा त्याचा मोठा फायदा.

उतार जास्त असेल तर घर टप्प्याटप्प्यांनी उतरवावे. तीन-तीन फुटांचे अर्धे टप्पे दिसायला मोहक असतात, परंतु घरात वृद्ध माणसे असतील तर ते रोजचा त्रास होतात; माझ्या मते कुटुंबाच्या घरात दोनच पातळ्या असाव्यात आणि त्यांच्यात पूर्ण मजल्याचे अंतर असावे. खालच्या पातळीचे छत म्हणजे वरच्या पातळीचे अंगण, अशी मांडणी केली की उतारावर न मिळणारी सपाट, मोकळी जागा फुकट मिळते. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांचे छत हे नेहमीच राहण्याचे ठिकाण होते. उन्हाळ्यात रात्री तिथे अंथरुणे पडत, दिवसा पापड, कुरडया आणि बिबड्या वाळत. आज आरसीसीच्या स्लॅबवर तेच करायचे, तर स्लॅबला ढाळ, पाणीरोधक थर, त्यावर उष्णतारोधक थर आणि वर फिकट रंगाची फरशी हवी, नाही तर खालची खोली रात्रभर तापत राहील.

रस्ता घराच्या वरून जातो की खालून, यावर पातळ्यांचा क्रम अवलंबून असतो. रस्ता वर असेल, तर गाडी, प्रवेश, दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि आजी-आजोबांची खोली वरच्या पातळीला, आणि इतर निजण्याच्या खोल्या खाली ठेवाव्यात. खालची पातळी मागून डोंगराच्या आडोशाला असल्याने दुपारी कमी तापते, हा खानदेशात दुर्लक्ष करण्याजोगा फायदा नाही. रस्ता खाली असेल, तर गाडी रस्त्यालगतच ठेवावी. गाडी थेट दारापर्यंत नेण्याच्या हट्टापायी अर्धा उतार कापला जातो, आणि पावसाळ्यात तोच रस्ता पाण्याचा पाट होतो. वर चढणाऱ्या पायऱ्या सहा इंच उंच आणि अकरा-बारा इंच रुंद ठेवाव्यात, दर दहा-बारा पायऱ्यांनंतर बसता येईल असा टप्पा द्यावा आणि पुढे गरज पडल्यास लिफ्ट बसवता येईल इतकी उभी जागा आजच राखून तिथे तूर्त कपाटे करावीत. चाकाच्या खुर्चीसाठीचा १:१२ चा रॅम्प तीन मीटर चढायला ३६ मीटर लांब लागतो, त्यामुळे तो पर्याय बहुतेक भूखंडांवर शक्य नसतो.

धारक भिंतींबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण उतारावरच्या घरांचे अपयश बहुधा तिथेच सुरू होते. भिंतीवरचा मातीचा एकूण दाब उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दहा फुटांच्या एका भिंतीवर जेवढा दाब येतो, त्याच्या चौथा भागच पाच फुटांच्या भिंतीवर येतो. म्हणून एक उंच भिंत बांधण्यापेक्षा दोन बुटक्या भिंती बांधाव्यात आणि त्यांच्यात खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर ठेवावे, नाही तर वरची भिंत आपला भार खालचीवर टाकते. मधल्या पट्ट्यात कढीपत्ता, शेवगा, सीताफळ लावता येते. भिंतीच्या पाठीशी फूटभर रुंदीची खडी, तिच्या तळाशी पाणी वाहून नेणारा पाइप आणि भिंतीत दर दीड मीटरला छिद्रे ठेवावीत. छिद्रे ठेवली पण मागे खडी भरली नाही, तर ती पहिल्याच पावसात चिखलाने बुजतात, आणि साचलेल्या पाण्याचा दाब मातीच्या दाबात मिळतो. खोदकामातून निघालेला काळा दगड जाळीच्या पिंजऱ्यांत भरून केलेली भिंत चार-पाच फुटांपर्यंत फार चांगली; तिच्यातून पाणी सहज निघते आणि दगड बाहेरून आणावा लागत नाही.

घराची मागची भिंत आणि धारक भिंत एकच करू नये. मातीला टेकलेली भिंत उन्हाळ्यात गार राहते हे खरे, परंतु श्रावणात तिला ओल येते, कपाटांना बुरशी लागते आणि कोठीतले धान्य खराब होते. दोन्ही भिंतींत चार फुटांची मोकळी, वरून उजेड येणारी गल्ली ठेवावी. तिच्यातून हवा फिरते, पाइप दुरुस्त करता येतात आणि डोंगराकडची खिडकी उघडता येते.

लहान कॉलमचा प्रश्न

उतारावरच्या चौकटीत वरच्या बाजूचे कॉलम आखूड आणि खालच्या बाजूचे लांब होतात. दिसायला हे स्वाभाविक वाटते, पण भूकंपात धोका लांब कॉलमला नसून आखूड कॉलमला असतो. कॉलमचा ताठरपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने निम्म्या लांबीचा कॉलम आठपट ताठर होतो आणि हादऱ्याचा मोठा वाटा एकटाच ओढून घेऊन तडकतो. भूकंपाचा विचार करून बांधकाम कसे करावे हे सांगणाऱ्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत तापी-नर्मदेच्या या पट्ट्यातील जिल्हे भूकंप विभाग तीनमध्ये येतात, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी म्हणून सोडून देता येत नाही. सर्व कॉलमची मोकळी लांबी शक्य तितकी सारखी ठेवावी, त्यासाठी वरच्या बाजूला थोडे खोल खोदून पाया खाली न्यावा. ते जमत नसेल तर योग्य जागी काँक्रीटच्या भिंती घ्याव्यात, आणि सळईची मांडणी भारतीय मानक १३९२० प्रमाणे करावी. पायाचा एकही भाग भरावावर टेकता कामा नये. स्ट्रक्चरल इंजिनीअरची फी वाचवून ग्रॅनाइटवर घालणारे लोक कमी नाहीत. उतारावर तरी असे करू नये.

ऊन आणि वारा

खानदेशाचा अक्षांश सुमारे २१ अंश आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि मधल्या काळात तो किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४५ अंशांवर असतो. यावरून सातपुड्याच्या उतारावरच्या घरांसाठी चांगली बातमी निघते: दक्षिणेची खिडकी सावरायला सोपी आहे. चार फूट उंच खिडकीच्या माथ्यावर दीड फुटाचा छज्जा दिला, तर मार्चअखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचे ऊन काचेवर येत नाही, आणि डिसेंबरात खिडकीच्या खालच्या अडीच फुटांतून कोवळे ऊन आत येते.

उत्तरेकडे उघडणाऱ्या घरांनी मात्र निष्काळजी राहू नये. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या तितकाच उत्तरेला मावळतो, म्हणून संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या काचेवरही येते. त्याला आडवा छज्जा अडवू शकत नाही. खिडकीच्या पश्चिम बाजूला उभी फळी किंवा भिंतीचा पाखा पुढे काढावा लागतो. पश्चिमेच्या भिंतीवर न्हाणीघर, जिना, कोठी अशा जागा आणाव्यात, भिंत पोकळ किंवा जाड ठेवावी आणि तिच्यापुढे कडुनिंब वाढू द्यावा. पश्चिमेचे दृश्य सोडवतच नसेल, तर त्या बाजूला काच न ठेवता दहा फुटांची पडवी ठेवावी. माणसे सूर्यास्त पाहायला बाहेर येतील आणि भिंत सावलीत राहील.

डोंगरउतारावर दिवसा तापलेली हवा वर चढते आणि रात्री गार झालेली हवा उताराने खाली येते. निजण्याच्या खोल्यांना डोंगराच्या बाजूला, मजबूत जाळी लावलेल्या आणि रात्रभर उघड्या ठेवता येतील अशा खिडक्या दिल्या, तर ही हवा घरातून वाहते. दिवसा मात्र सगळे बंद ठेवावे. खिडक्यांची जाळी बारीक असावी, कारण विंचू आणि सापांचा वावर उतारावर असतोच. कुत्रा पाळला असेल तर बिबट्यामुळे त्याला रात्री आत घ्यावे.

दृश्य कुठून पाहायचे

उतारावरचे दृश्य समोर नसते, खाली असते. ही गोष्ट आराखड्यात फार वेळा विसरली जाते. दिवाणखान्यापुढे त्याच पातळीवर दहा फुटांची गच्ची आणि तिला साडेतीन फुटांचा भरीव कठडा दिला, तर खुर्चीवर बसलेल्या माणसाला, ज्याचे डोळे जमिनीपासून चार फुटांवर असतात, कठडा आणि आकाश एवढेच दिसते. गच्ची खोलीच्या जमिनीपेक्षा दोन फूट खाली घेतली की कठड्याचा माथा खोलीच्या जमिनीपासून दीड फुटांवर येतो आणि बसल्या जागेवरून खोऱ्याचा तळ दिसू लागतो. खर्च शून्य, पायऱ्या चार. कठडा बारीक उभ्या गजांचा असावा आणि दोन गजांमधले अंतर चार इंचांपेक्षा कमी असावे; आडवे गज मुलांना चढायला शिडीसारखे वापरता येतात, म्हणून ते टाळावेत.

प्रत्येक खोलीतून सगळे खोरे दिसलेच पाहिजे, हा आग्रह सोडावा. एप्रिल-मेमध्ये धुळीने क्षितिज पुसट झालेले असते, त्या दिवसांत भिंतभर काच केवळ उष्णता आत आणते. एक मोठी खिडकी जिथे कुटुंब संध्याकाळी बसते तिथे, एक लहान पण नेमकी खिडकी स्वयंपाकाच्या ओट्यासमोर आणि एक खिडकी अंथरुणावर पडल्या जागी दिसेल इतक्या खाली, एवढे पुरते. ओट्यासमोरच्या खिडकीबद्दल आराखडा करणारे क्वचितच विचारतात, आणि घरात सर्वाधिक वेळ उभे राहणारी व्यक्ती मात्र तिथेच असते.

घरातली माणसे

खानदेशी घराला काही जागा अशा लागतात, ज्या शहरी नमुन्यांत नसतात. श्रावणात कानबाई बसते तेव्हा भाऊबंदकी जमते, रोटांचा प्रसाद होतो आणि पंगती उठतात. म्हणून एका तरी पातळीवर दिवाणखाना, ओसरी आणि गच्ची सलग उघडतील, मध्ये पायरी नसेल आणि तीस-चाळीस माणसे बसतील अशी व्यवस्था असावी. खापरावरची पुरणपोळी आणि भरिताची वांगी गॅसच्या शेगडीवर समाधानकारक होत नाहीत. स्वयंपाकघराबाहेर, छत असलेली पण तीन बाजूंनी मोकळी चुलीची जागा ठेवावी, वाऱ्याच्या दिशेचा विचार करावा आणि सरपणाचा ढीग घरापासून लांब असावा. मार्च ते मे या काळात सातपुड्यात वणवे लागतात आणि आग चढाच्या दिशेने वेगाने धावते, तेव्हा घराच्या खालच्या बाजूचे वाळके गवत होळीपूर्वीच कापून तिथे रुंद मोकळा पट्टा ठेवणे आवश्यक आहे.

कामाचा क्रम

दिवाळीनंतर खोदकाम सुरू करावे. पहिला चर, मग धारक भिंती, मग पाया, असा क्रम ठेवावा. घर आधी आणि भिंती पैसे उरले तर, असे केल्यास मृगाच्या पहिल्या पावसात कापलेला डोंगर उघडा सापडतो. खोदलेली माती उताराच्या कडेवर ढीग लावून ठेवू नये, आणि वरची काळी माती वेगळी काढून बागेसाठी राखावी. मार्चनंतर स्लॅब संध्याकाळी ओतावा, गोणपाटाने झाकावा आणि निदान दहा-बारा दिवस ओला ठेवावा. डोंगरावर त्यासाठी लागणाऱ्या पाण्याची तजवीज कंत्राटात लिहून घ्यावी, कारण टँकर चढत नाही ही सबब मे महिन्यात हमखास पुढे येते. कापलेल्या उतारांवर जूनच्या सुरुवातीला वाळा आणि बांबू लावावेत. भरावावर येणारी अंगणाची फरशी मात्र त्या वर्षी बसवू नये. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, जिथे माती खचेल तिथे मुरूम भरून धुमस करावा आणि पुढच्या थंडीत फरशीचे काम काढावे.